अंबुजाक्काचा बास

अंबुजाक्काला गाणं कसं झालं असं विचारलं, तर ती गाणाऱ्याबद्दल एक अक्षर बोलत नसे. देवळातली गाण्याची कच्चेरी असो, लग्नातला ऑर्केस्ट्रा असो, नाही तर कापीच्या, म्हणजे कॉफीच्या, दुकानातला रेडिओ असो, तिचा प्रश्न ठरलेला. "खाली काय वाजत होतं?" आम्ही टेलिफोन एक्सचेंजमधल्या मुली एकमेकींची तोंडं बघायचो. आम्हाला गाणारीची साडी आठवायची, फार तर एखादी तान आठवायची. खाली काय वाजतं याकडे कोण कशाला लक्ष देतं? मग ती चष्मा वर सरकवून म्हणायची, "वरती कोण पण गाईल, अगो. खाली कोणतरी पाहिजे की."

तिचं 'खाली' म्हणजे बास. चार जाड तारांची गिटार. गाण्याच्या तळाशी 'दुम दुम' करत जे चालत असतं, ते तिच्या बोटांचं काम. तंजावूरला त्या वर्षांत बास वाजवणारी बाई म्हणजे अंबुजाक्का एकटीच. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या आमच्या मराठी घरांत तर वीणा, व्हायोलिन आणि फार झालं तर हार्मोनियम, यापलीकडे बाईमाणसानं हात लावायचा नसतो असा एक अलिखित कायदा होता. अंबुजाक्का कायदे मोडायची नाही. तिला ते ऐकूच यायचे नाहीत.

मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागले तेव्हा परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डवर तिच्या शेजारच्या खुर्चीवर मला बसवलं. बुटकी, सावळी, जाड भिंगांचा चष्मा, आणि हात इतके लहान की बांगडीवाला शाळकरी पोरींच्या खोक्यातून तिच्यासाठी बांगड्या काढायचा. पण डाव्या हाताची बोटं टोकांना अशी निबर झालेली, की कापीचा उकळता डबरा, म्हणजे पितळी वाटी, ती नुसत्या बोटांनी उचलायची आणि आम्ही पदरानं धरूनही 'हाय हाय' करायचो. बोर्डवर तिचा डावा पाय सतत हळूहळू ताल धरून असे. एखाद्या लाइनवर घरघर आली, की ती कानावरचा हेडफोन जरा दाबून ऐकायची आणि म्हणायची, "मद्रासची लाइन आज अर्धा सूर खाली अहे." सुपरवायझरबाई कपाळाला हात लावायच्या. मद्रासची लाइन लागत नाही म्हणून लोक खोळंबलेत, आणि हिला सुराचं पडलंय.

'अहे' हे मी मुद्दाम लिहिलंय. आम्ही तंजावूरवाले तसंच म्हणतो. लग्न होऊन पुण्याला आल्यावर मला देवनागरी लिहायला शिकावं लागलं आणि 'आहे' म्हणायलाही. लिहिणं जमलं. बोलताना अजून घसरते, आणि घसरले की सासरचे हसतात. हसू देत बापडे.

तर बास तिच्याकडे कसा आला ते सांगते. सेल्वम मास्तरांचा ऑर्केस्ट्रा होता. लग्नाच्या रिसेप्शनला, देवळाच्या उत्सवाला सिनेमाची गाणी वाजवणारा. अंबुजाक्का त्यात कोरसला जायची, सुट्टीच्या दिवशी. मागे उभं राहून 'ला ला ला' म्हणायचं आणि जेवून घरी यायचं. तिच्या शेजारी फ्रान्सिस अण्णा बास वाजवायचे. ते त्रिचीजवळच्या पोन्मलैच्या रेल्वे कॉलनीतले निवृत्त गार्ड. एक बोट डब्याच्या साखळीत चेंगरलेलं, म्हणून मोठ्या बासवर त्यांचा हात पुरेना. त्यांनी कुठून तरी आखूड मानेचा बास मिळवला होता. गडद लाल रंगाचा. इतर बासचं अंग भरीव फळीचं असतं. याच्या पोटात मध्ये तेवढी लाकडाची भरीव पट्टी आणि दोन्ही बाजूंना पोकळी, आणि वर दोन वळणदार चिरा, व्हायोलिनला असतात तशा. अंबुजाक्का वर्षानुवर्षं तोंडानं 'ला ला' म्हणत होती आणि कानानं त्या लाल पोटातून काय येतं ते पाठ करत होती.

फ्रान्सिस अण्णांची मुलं ऑस्ट्रेलियाला गेली आणि मागोमाग अण्णाही निघाले. बास विकायला काढला. त्रिचीचे कॉलेजातले मुलगे येऊन बघून गेले. सगळ्यांचं म्हणणं एकच, हा पोरांचा खेळ आहे, मान केवढीशी आहे. मास्तर म्हणाले, मी दुसरा बासवाला शोधतो. अंबुजाक्का म्हणाली, "शोधता कशास? मी अहे की." मास्तरांना ती गंमत वाटली. पुढच्या रविवारी ती मला घेऊन पोन्मलैला गेली.

अण्णांनी बास तिच्या मांडीवर ठेवला. तिनं डावा हात मानेवर नेला, चार बोटं चार ठिकाणी पडली, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी तिच्या तोंडावर त्याआधी कधी बघितलं नव्हतं. बांगडीवाल्यापासून वीणा शिकवणाऱ्या मामीपर्यंत साऱ्या जगानं तिला तुझे हात लहान म्हणून सांगितलं होतं. ही पहिली वस्तू तिच्या हाताच्या मापाची निघाली. घासाघीस करायचं तिला सुचलंच नाही.

परतीच्या बसमध्ये गर्दी. बास चादरीत गुंडाळलेला, आणि त्याचा स्पीकरचा खोका माझ्या डोक्यावर, कारण मैत्रीण कशाला असते? एका म्हाताऱ्या मामींनी चादरीकडे बघून विचारलं, वीणा का? आणि उत्तराची वाट न बघता शेजारच्या दोघांना उठवलं, सरस्वतीला जागा द्या म्हणून. दोघं उठले. मी टेकणार एवढ्यात अंबुजाक्का म्हणाली, "वीणा नाही मामी, इलेक्ट्रिक गिटार. सिनेमाची गाणी वाजवायची." ते दोघं पुन्हा बसले. तंजावूर येईपर्यंत आम्ही उभ्या. मी चिडून म्हटलं, गप्प बसली असतीस तर काय जीभ झडली असती? ती म्हणाली, वीणेची जागा वीणेला. ह्याला मिळेल तेव्हा ह्याच्या नावानं मिळेल.

घरी मात्र त्याला नावच नव्हतं. तिचे वडील हनुमंतराव सरकारी बस डेपोत टाइमकीपर होते. कुठली गाडी किती वाजता सुटते हे त्यांच्या जिभेवर असे, आणि निवृत्त झाल्यावर डेपो सुटला तसं त्यांनी तेच वेळापत्रक घराला लावलं. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत लोक त्यांच्या आंघोळीवर घड्याळ लावत. मुलीचं लग्न झालं नाही हे त्यांनी पचवलं. मुलगी सिनेमाची गाणी वाजवते हे मात्र घशात अडकलं. त्यांनी तिला कधी बंदी केली नाही. ते नुसते त्या बासला 'लाकूड' म्हणत. "ते लाकूड वाटेतनं काढ." बस. कार्यक्रम कुठे आहे, कधी आहे, ते त्यांनी विचारलं नाही, आणि हळूहळू तिनंही सांगणं सोडलं.

त्यातून तारांची भानगड झाली. बासच्या तारा घामानं मळल्या की त्यांचा आवाज बसतो. आखूड बासच्या तारा तर मद्रासलाही धड मिळत नसत, मग टाकून कशा द्यायच्या? कुठल्याशा बासवाल्याकडून तिला कळलं की तारा उकळत्या पाण्यात घातल्या की मळ सुटतो आणि आवाज पुन्हा उघडतो. झालं. रविवारी सकाळी तिनं ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चारी तारा उकळत ठेवल्या. हनुमंतराव जेवायच्या वेळेला, म्हणजे अगदी वेळेला, स्वयंपाकघरात आले. झाकण उचलून आत बघितलं. "शेवया केल्या?" तिची आई कमलाबाई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. हनुमंतरावांनी डावानं एक शेवई वर काढली, ती संपेचना. तेव्हा त्यांना उमगलं. ते जेवायला बसले आणि त्या दिवशी ताक-भातावर उठले. संध्याकाळपर्यंत अंबुजाक्कानं रॉकेलचा एक स्टोव्ह आणून परसात मांडला होता. तारा उकळायचं तिनं सोडलं नाही, स्वयंपाकघर सोडलं. तिची तऱ्हा अशीच. भिंत लागली तर ती डोकं आपटायची नाही. भिंतीच्या कडेकडेनं चालत दार सापडेपर्यंत जायची, आणि दार सापडतं यावर तिचा ठाम विश्वास.

पोकळ पोटाचा एक मोठा दोष असतो, तो आम्हाला ओरत्तनाडूच्या एका लग्नात कळला. मंडप लहान, स्पीकर तिच्या पाठीशी. मास्तरांनी आवाज वाढवा म्हणून खूण केली, हिनं बटण फिरवलं, आणि बासच्या पोटात स्पीकरचा आवाज शिरून घुमायला लागला. तिनं तारांवरचा हात उचलला तरी घुमणं थांबेना, वाढतच गेलं. नवऱ्याच्या मामांना वाटलं जनरेटर फुटतोय, ते 'पळा' म्हणत आधी स्वतः पळाले. निम्मी पंगत उठली. मास्तरांनी नंतर तिला काय काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. मला वाटलं आता हिनं कानाला खडा लावला. पुढच्या कार्यक्रमाला ती आली ती बासच्या दोन्ही चिरांतून आईच्या जुन्या नऊवारीचे तुकडे ठासून. हिरव्या काठाची टोकं बाहेर लोंबत होती. आवाज वाढवला, बास गप्प. वाजवेल तेवढंच बोलणारा. मास्तर हसायला लागले आणि म्हणाले, आता हे खरं तंजावूरचं वाद्य झालं.

ती चांगली वाजवायची का? मला गाण्यातलं फार कळत नाही, पण एक सांगते. ऑर्केस्ट्रात सगळे घाई करायचे. तबलेवाला जेवणाच्या वासानं, गाणारी टाळ्यांच्या हावेनं. अंबुजाक्का खुर्चीवर पदर खोचून बसायची, पट्टा साडीवर पिनेनं टाचलेला, आणि एकाच चालीनं चालत राहायची. दोन ओळींत बाकीचे मुकाट तिच्या चालीवर येत. त्यांना कळायचंही नाही. बापाचं टाइमकीपिंग त्या बोटांत उतरलं होतं. हे मी तिला एकदा बोलून दाखवलं तर ती लाजली.

मग आमच्या एक्सचेंजमध्ये नवीन मशिनं आली. लोक थेट नंबर फिरवून मद्रास-मुंबईशी बोलायला लागले. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे फोनचे बूथ उघडले. ट्रंक बोर्ड एका सकाळी हमालांनी उचलून नेला. आम्हाला कोणी काढलं नाही, सरकारी नोकरी होती. बिलांच्या खिडकीवर बसवलं. आम्ही बाकीच्या जरा रडलो, जरा सुटलोही, रात्रपाळी गेली म्हणून. अंबुजाक्का बोर्डची रिकामी जागा बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बोर्ड त्यांचा होता, ते घेऊन गेले." एवढंच.

वर्षभरात तीच गोष्ट तिच्या दुसऱ्या दारी आली. मास्तरांच्या भाच्यानं सिंगापूरहून कीबोर्ड आणला. त्यात व्हायोलिन होतं, बासरी होती, ढोल होता, आणि डाव्या बाजूच्या पट्ट्या दाबल्या की बाससुद्धा होता. भाचा उजव्या हातानं गाणं वाजवायचा, डाव्यानं बास. एका माणसात चार माणसं. लग्नवाल्यांनाही ते आवडायचं, स्टेजवर दिवे लुकलुकणारं काहीतरी नवीन दिसायचं. मास्तर माणूस वाईट नव्हते. त्यांनी अंबुजाक्काला घरी बोलावून कापी दिली आणि म्हणाले, तू पुन्हा कोरसला ये. मानानं ये, पुढे उभी राहा. हिनं विचारलं, आणि बास? मास्तर म्हणाले, विकून टाक, अजून कोणी घेईल तोवर.

ती घरी न जाता माझ्याकडे आली. तिला इतकी रागावलेली मी कधीच बघितली नव्हती. "बोर्ड त्यांचा होता, शांते. हा माझा अहे. माझं माझ्याकडनं कोण कसं घेईल?" मी म्हटलं, बास कोण घेतंय, जागा घेतायत. तिनं चष्मा वर सरकवला. मग म्हणाली, तर मग जागा पण माझी आहे हे त्यांना ऐकवायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी तिनं मास्तरांना गाठून एकच मागणं केलं. सरस्वतीपूजेच्या संध्याकाळी पश्चिम वीथी नावाच्या रस्त्यावर मोठा कार्यक्रम होता. त्यात निम्मी गाणी कीबोर्डच्या बासवर व्हावीत, निम्मी तिच्या. दोन्ही ऐकून मास्तरांनी काय ते ठरवावं. मास्तर हो म्हणाले. बहुतेक ती दमून गप्प बसेल असं त्यांना वाटलं असावं.

नवरात्रभर तिनं दुसरं काही केलं नाही. खिडकीवर बिलं घेताना डावा हात टेबलाखाली मांडीवर चालायचा. पायऱ्या-पायऱ्यांवर मांडलेल्या गोलूच्या बाहुल्या बघायला बायका घरी यायच्या, सुंदल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खायच्या, आणि मागच्या खोलीतून कॅसेट पुन्हा पुन्हा मागे फिरवल्याचा आवाज ऐकायच्या. हनुमंतराव बाहुल्यांसमोर बसून ऐकत असत की नाही, ते कोणाला सांगता यायचं नाही.

आमच्याकडे सरस्वतीपूजेला घरातली पुस्तकं, वाद्यं, कामाची हत्यारं सगळं देवीसमोर मांडतात. गंध-फूल वाहिलं की त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पूजा उतरवली की मगच उघडायचं. लहानपणी हा दिवस आम्हाला फार आवडायचा, अभ्यासाला धर्मानंच सुट्टी. त्या दिवशी अंबुजाक्काची सकाळची ड्यूटी होती. दुपारी आम्ही दोघी तिच्या घरी आलो. कपडे बदलायचे, बास उचलायचा आणि निघायचं, असा बेत.

बास खोलीत नव्हता. तो पूजेत होता. कमलाबाईंच्या वीणेच्या शेजारी, पंचांगावर डोकं टेकवून, पुसून लख्ख केलेला, तांबड्या अंगावर गंधाची तीन बोटं, मानेत झेंडूची माळ. कमलाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, मी नाही, त्यांनी ठेवला. स्वतः पुसला. मला म्हणाले, घरात वाद्यं दोन असताना एक बाहेर कसं राहील?

वाद्यं म्हणाले. लाकूड नाही.

अंबुजाक्का तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडली. मलाही रडू आलं. किती वर्षं तिनं ह्याची वाट बघितली होती ते मलाच माहीत. आणि मग दोघींच्याही एकदमच लक्षात आलं, की पूजा झालेली आहे, संध्याकाळी कार्यक्रम आहे, आणि आता त्याला उद्या सकाळपर्यंत हात लावता येत नाही. हनुमंतरावांना कार्यक्रमाची गोष्ट माहीतच नव्हती. त्यांना कोणी सांगितलीच नव्हती.

कमलाबाई म्हणाल्या, आता नको गं अंबू, त्यांनी पहिल्यांदाच केलंय. मी म्हटलं, मास्तरांना निरोप देते, दुसऱ्या दिवशी ऐका म्हणून. दुसरा दिवस मिळणार नाही हे मलाही ठाऊक होतं. मागच्या दारानं बास काढून न्यायचाही विचार माझ्या मनात आला, आणि बोललेही. अंबुजाक्कानं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी जीभ चावली. ती डोळे पुसून उठली आणि सरळ ओसरीवर गेली. हनुमंतराव आरामखुर्चीत पंख्यानं वारा घेत होते.

तिनं आधी त्यांच्या पायाला हात लावला. मग सगळं सांगितलं. मास्तर, कीबोर्ड, आजची संध्याकाळ. मग विचारलं, "अप्पा, डेपोंत बसची पूजा करतात. मग बस उद्यापर्यंत डेपोंतच ठेवतात की?"

हनुमंतरावांनी पंखा थांबवला. कामाचा प्रश्न आला की ते कामाचं उत्तर देत. "नाही. केळीचे खुंट बांधून गाडी टायमाला सुटते." मग म्हणाले, "पण स्टँडांत माणसं उभी असतात, अंबू. म्हणून सुटते. तिकडे तुझी कोण वाट पाहतं अहे?"

"कोणीच नाही," ती म्हणाली. "मी नाही गेले तर कोणास कळणार पण नाही. तेवढ्यासाठींच जायाचं अहे, अप्पा."

त्यांनी पंखा बाजूला ठेवला. मग उठले, पाय धुतले, आणि देवीसमोर जाऊन बसले. हातात अक्षता घेतल्या, काहीतरी पुटपुटत बासवर वाहिल्या, आणि दोन्ही हातांनी बास उचलून तिच्या हातात दिला. माळ काढली नाही. "वीथींत आज गर्दी असेल," म्हणाले, "आत्ताच नीघ."

त्या संध्याकाळबद्दल मला जास्त सांगता येणार नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला काही घडलंच नाही. आधीची गाणी कीबोर्डवर झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अंबुजाक्का झेंडूची माळ घातलेला बास घेऊन खुर्चीवर बसली. लोकांनी तेवढ्याच टाळ्या वाजवल्या. पण तिच्या गाण्यांच्या वेळी, मी बसले होते तो लाकडी बाक माझ्या मांड्यांखाली हलत होता, आणि गाणारी बाई, जी कधी मागे वळून बघत नसे, ती एका कडव्यानंतर मागे वळून हसली. अंबुजाक्का खाली मान घालून वाजवत होती. तिनं ते पाहिलं नाही, मी नंतर सांगितलं.

मास्तर कार्यक्रमानंतर आले. त्यांनी खोटं बोलायचं टाळलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. म्हणाले, "फरक मला कळतो, अंबुजा. पण मला बोलावतात त्यांना कळत नाही. आणि व्हॅनमध्ये एक माणूस कमी लागतो." ती म्हणाली, "तुम्हाला कळला ना. हे ऐकायलाच आले होते." नमस्कार करून ती निघाली. खोका मी घेतला. वाटेत ती रडली. रडताना चालायची मात्र थांबली नाही, आणि मला तिच्या बरोबरीनं चालताना धाप लागली.

त्यानंतर तिनं जागा मागायचं बंद केलं आणि शोधायला सुरुवात केली. जिथे चार माणसं मिळून गातात तिथे जाऊन ती विचारायची, तुमच्याकडे खाली कोणी आहे का? चर्चच्या ख्रिसमसच्या गाण्यांत तिला बसवून घेतलं. तिरुवैयारूच्या एका भजनमंडळानं पहिल्यांदा हाकललं आणि तिसऱ्यांदा बसा म्हटलं. एका मुलींच्या शाळेनं तर तिला गाण्याच्या तासाला बोलवायला सुरुवात केली, बिदागी म्हणून एक नारळ. कुठे जायचं असेल तर हनुमंतराव आदल्या दिवशीच सांगून ठेवत, जाताना कुठली गाडी, येताना कुठली. ते स्वतः कधी ऐकायला गेले नाहीत. पण ती येईपर्यंत ओसरीवरचा दिवा मालवत नसत. गल्लीत कोणी हसून विचारलंच, की मुलगी आता देवळात पण गिटार वाजवते म्हणे, तर ते म्हणायचे, गिटार नाही, बास.

माझं लग्न ठरून मी पुण्याला गेले. पत्रांचा आम्हा दोघींनाही कंटाळा. ती फोनवर कमी बोलायची, आमची लाइन किती सुरात आहे तेवढं सांगायची. मध्ये कमलाबाई गेल्या, तेव्हा मला येता आलं नाही.

तिला शेवटचं बघितलं ते त्या मुलींच्या शाळेच्या वार्षिक समारंभात. मी माहेरी आले होते, माझी भाची त्या शाळेत, म्हणून गेले. अंबुजाक्का स्टेजच्या कडेला खुर्चीवर होती. केस बरेच पांढरे झालेले, चष्मा आणखी जाड. मला तिनं बघितलं नव्हतं. पाच-सहा मुली एका ओळीत उभ्या राहून गात होत्या, आणि खाली तो ओळखीचा आवाज एका चालीनं चालला होता. पहिलं कडवं झालं तेवढ्यात मंडपवाल्याचा माणूस वाकून स्टेजवर आला. प्रमुख पाहुण्यांना घाम येत होता. त्यानं इकडे तिकडे बघितलं, भिंतीतला एक प्लग उपटला आणि तिथे पंख्याचा लावला. पाहुण्यांच्या अंगावर वारा आला आणि बासचा आवाज गेला.

मी उठून उभी राहिले. आता ती ओरडेल, त्याला हाक मारेल, निदान हात तरी थांबवेल असं मला वाटलं. अंबुजाक्कानं त्या सुटलेल्या वायरकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, आणि वाजवत राहिली. एकही बोट चुकलं नाही. सभागृहात कोणाला काही कळलं नाही. मुली गात होत्या, आणि आधार सुटल्यावर व्हायचं तेच झालं. ओळीच्या त्या टोकाच्या मुलींचा सूर हळूहळू वर चढायला लागला, आणि गाणं फाटायच्या बेताला आलं.

पोकळ पोटाच्या बासला विजेशिवायही थोडा आवाज असतो, पण दोन हातांच्या पलीकडे तो जात नाही. ओळीच्या ह्या टोकाला, अंबुजाक्काच्या खुर्चीजवळ, दोन वेण्या घातलेली एक बारकी मुलगी उभी होती. समोर बघून गाता गाताच ती अर्धं पाऊल मागे सरकली, मग आणखी अर्धं. आता तिचा परकर अंबुजाक्काच्या गुडघ्याला लागत होता. तिनं मान जरा खाली कलवली, ऐकलं, आणि आपला सूर तिथे टेकवला. तिच्या शेजारची तिचं ऐकून खाली आली, तिच्या शेजारची तिचं. शेवटच्या कडव्याला सगळी ओळ सुरात होती. अंबुजाक्का वर न बघता वाजवत होती, आणि तिचा डावा पाय ताल धरून होता.